मागची ओळ

तपासणी सकाळी अकराची होती. बाई आल्या अडीचला. तोवर धुरींच्या घरी जेवणं उरकून भांडीही घासून झाली होती आणि मानसीने फाईल चौथ्यांदा उघडून मिटली होती.

आठ महिन्यांची मेहनत त्या फाईलीत होती. तबेल्यातल्या सेहेचाळीस म्हशी, प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर बारा आकडे. कोणती कधी आणली, कधी व्याली, लस कधी टोचली, औषध चालू असताना किती दिवस तिचं दूध वेगळं काढलं, सगळं तारीखवार. अंधेरीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मानसी हे करत बसली होती, कारण एक एप्रिलपासून दूध संघ फक्त गुणवत्ता हमीचं प्रमाणपत्र असलेल्या गोठ्यांचंच दूध उचलणार होता. जोगेश्वरीतले आजूबाजूचे तबेले एकेक करून उठले होते. आजोबांनी, दादू धुरींनी, गिरणी सुटल्यावर दोन म्हशींवर उभा केलेला हा एवढाच या गल्लीत उरला होता.

"नापास झालो तर बरंच आहे," नितेश सकाळपासून दोनदा म्हणाला होता. मानसीचा हा मोठा भाऊ. तबेल्याच्या जागी उभ्या राहू शकणाऱ्या इमारतीचं चित्र त्याच्या मोबाईलमध्ये तयार होतं. नवल हे, की रत्नप्रभाआत्या त्याच्या बाजूने होती. आत्याने लग्न केलं नाही, सगळा जन्म याच तबेल्याच्या माडीवर काढला, आई गेल्यावर मानसी-नितेशला वाढवलं, आणि आता सत्तरीत ती म्हणत होती, "विका मेल्यांनो, आणि सुटा एकदाचे."

अनुपमाकाकू मात्र मानसीच्या बाजूने होती. सुयोगकाकांच्या मागे निम्मा तबेला तिच्या नावावर आला होता. पालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून ती निवृत्त झाली होती आणि फाईलीतल्या साऱ्या नोंदवह्या तिच्याच वळणदार अक्षरात होत्या.

तपासनीस रश्मी वाळुंज गाडीतून उतरल्या, गमबूट चढवले, हात धुतले आणि पहिलंच म्हणाल्या, "सॉरी हां, हायवेवर अडकले. आपण पटापट करू."

बाबा पुढे झाले. चौसष्ट वर्षांचे चंद्रप्रकाश धुरी आज इस्त्रीचा शर्ट घालून होते. "सावकाश करा मॅडम. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

पुढची ओळ एकोणतीस म्हशींची. ती झकास झाली. रश्मीबाई स्वतः जनावरांच्या डॉक्टर, त्यामुळे कास बघितली, खूर बघितले, गव्हाणीतली पेंड हुंगून बघितली. बिल्ले ताडून पाहिले, एकही आकडा चुकला नाही. मानसीला पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं वाटलं. सकाळपासून तिने काही खाल्लंच नव्हतं.

"मागे कधी एकदम जनावरं दगावलीत का? साथ वगैरे?"

"साथ नाही," बाबा म्हणाले. "दोन हजार पाच. सव्वीस जुलै. मागची पूर्ण ओळ गेली. सतरा म्हशी." मग म्हणाले, "आणि माझा भाऊ."

बाईंनी पेन खाली घेतलं. "सॉरी."

"त्याने पुढच्या सगळ्या सोडून बाहेर काढल्या. मागच्यांना कुलपं होती. महिन्यापूर्वी दोन म्हशी चोरीला गेल्या होत्या, म्हणून मी साखळ्या आणि कुलपं घातली होती. किल्ली माझ्याकडे आणि मी अंधेरीत पेंड आणायला गेलेला, तिथेच अडकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो."

हे बाबा नेहमी याच शब्दांत सांगत. मानसीने ते इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं वाक्य तिच्या मनात आधी उमटायचं.

"याची नोंद मृत्युवहीत आहे?"

"वही आम्ही आठ महिन्यांपूर्वी सुरू केली," मानसी म्हणाली.

"जुनी मोठी घटना असेल तर पहिल्या पानावर टाकायची असते. काही कठीण नाही. किती, कधी, कशामुळे. जाताना द्या मला. आता मागची ओळ बघू."

मधलं अंगण ओलांडताना कुंडलिक आडवा आला. मूळचा जालन्याकडचा, इथला सगळ्यात जुना गडी, वीस वर्षांत कधी वर मान करून बोलला नव्हता. तो मानसीला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तीन वाजत आले. मी त्यांना सोडतो आन् अंगणात घेतो. बाईंना अंगणात दाखवा."

"खुंट्यावर बांधलेल्या बघायच्यात त्यांना. कुठली जागा कुठलीची, ते ताडायचंय."

"रोज सोडतो ना मी. तीनच्या आत."

"आजच्या दिवस नको सोडू."

"ताई," तो म्हणाला. त्याने मानसीच्या खांद्यावरून बाबांकडे पाहिलं. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं आणि इस्त्रीच्या शर्टावर काखेत घामाचे डाग उमटले होते.

"मला फोन करायचाय एक," बाबा म्हणाले आणि माडीच्या जिन्याकडे निघून गेले.

*

मागची ओळ नाल्याच्या भिंतीला लागून होती. उन्हं कौलांवर होती, आत स्वच्छ उजेड होता, फरशी सकाळीच धुतलेली आणि आता खडखडीत सुकलेली. फेब्रुवारी चालू होता. चार महिन्यांत पाण्याचा थेंब पडला नव्हता.

रश्मीबाईंनी पाच बिल्ले ताडले. सहाव्या म्हशीजवळ त्या थांबल्या.

आधी रवंथ थांबलं. सतराही म्हशींचं, एकदम. मग शेपट्या थांबल्या. माश्या अंगावर बसल्या, पण कुणी कातडी थरथरवली नाही. मानसीला पुढच्या ओळीतली भांड्यांची खडखड ऐकू येत होती, रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती आणि इथे, सतरा म्हशींमध्ये, साधा श्वासही ऐकू येत नव्हता.

भिंतीकडच्या पहिल्या म्हशीने तोंड वर केलं.

हंबरायला करतात तसं नाही. शिंगं पार पाठीला टेकली, मान लांब ताणली गेली आणि नाकपुड्या छताकडे झाल्या. मग दुसरीने. मग तिसरीने. भिंतीकडून या टोकापर्यंत ते एकेकीत सरकत आलं, घाई न करता, काहीतरी वर चढत यावं तसं. सहाव्या म्हशीने बाईंच्या हातातून कान सोडवून घेतला आणि पुढचे दोन्ही पाय गव्हाणीच्या काठावर ठेवून ती उंच झाली. दोर ताणले. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. एकीच्या नाकातून फुर्र झालं आणि ती परत निश्चल झाली. पोहणारं जनावर नाकात गेलेलं पाणी उडवतं, तसं होतं ते.

मानसीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. फरशी कोरडी होती.

"या कधी घेतल्या?" रश्मीबाईंनी अगदी हळू विचारलं.

"सगळ्यात जुनी सहा वर्षांपूर्वी. हरियाणातून."

"यांतल्या कुणीच तो पूर पाहिलेला नाही."

"नाही."

बाईंनी सहावीच्या कुशीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "गार आहे," त्या म्हणाल्या. "पाठ गरम आहे, इथपर्यंत. त्याच्या खाली गार." त्यांनी बोटाने रेघ दाखवली. सतराही म्हशींच्या अंगावर ती रेघ एकाच उंचीवर असेल, हे तपासायची मानसीची हिंमत झाली नाही.

कुंडलिक कुणाला न विचारता आत आला. त्याने पहिल्या म्हशीचा दोर सोडला. दोर सुटला तशी तिने मान खाली घेतली, एक लांब सुस्कारा टाकला आणि ती अंगणात चालती झाली. दुसरी, तिसरी. तो गाठीवर हात ठेवायचा आणि जनावर परत म्हैस व्हायचं. शेवटचा खुंटा सतरावा, याच खुंट्यापाशी सुयोगकाका सापडले होते. तिथला दोर सुटल्यावरही ती म्हैस तशीच उभी राहिली, नाक वर करून. कुंडलिक तिच्या कानाशी म्हणाला, "सोडलंय गं तुला. चल." तेव्हा ती गेली.

"हे रोज होतं?" बाईंनी त्याला विचारलं.

"बांधलेल्या असल्या तर. तीन वाजून वीस मिनिटांनी. म्हणून तर आधीच सोडतो."

"किती वर्षं?"

"मी पुरानंतर लागलो, ऑगस्टात. तेव्हापासून. जनावरं बदलली. हे नाही बदललं."

*

रत्नप्रभा माडीच्या कठड्याशी उभी होती. अंगणात मोकळ्या म्हशी दिसल्या आणि मागून येणारी पोरगी दिसली, तेव्हाच ती समजली. पोरीचा चेहरा वीस वर्षांपूर्वी तापात होता तसा झाला होता.

रश्मीबाई माडीवर आल्या, खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. मग त्यांनी सरळ सांगितलं. "मी खोटं लिहिणार नाही. सतरा जनावरं बांधून ठेवली की ठरल्या वेळी इतक्या त्रासात जातात आणि त्याची कुठे नोंद नाही, हे मी पास करू शकत नाही. पण बाकी गोठा उत्तम आहे. मला एक लेखी निवेदन द्या. हे कधीपासून आहे, तुम्हाला माहीत असलेलं कारण काय, आणि तुम्ही काय करणार आहात. पाच वाजता मी निघते. तोवर खाली फाईल वाचत बसते."

त्या उतरून गेल्या. खोलीत पाचजण राहिले, आणि दारात कुंडलिक.

"बास झालं ना?" नितेश म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "लिहून टाका जागा बाधली. आणि विकून टाका यार. मी इथे एक दिवस राहणार नाही आता."

"कुंडलिक," अनुपमा म्हणाली. ती पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. "तू हे कुणालाच सांगितलं नव्हतंस?"

कुंडलिकने खाली पाहिलं. "मालकांना सांगितलं होतं बाई. पहिल्याच आठवड्यात. ते म्हणाले, तीनच्या आत सोडत जा आन् कुणाला बोलू नको."

"भावोजी, वीस वर्षं तुम्हाला ठाऊक होतं?"

चंद्रप्रकाश खिडकीकडे पाठ करून बसला होता. त्या खिडकीकडे तो कायम पाठ करूनच बसतो, हे रत्नप्रभेने वीस वर्षं रोज पाहिलं होतं. बाकीच्यांना ती माणसाची सवय वाटायची.

"तुला त्रास नको म्हणून," तो म्हणाला.

"तीन वीसला काय झालं होतं?" मानसीने विचारलं. "काका किती वाजता गेले ते कुणालाच माहीत नव्हतं ना? काकू कुर्ल्याला शाळेत अडकलेली. नितेश त्याच्या शाळेत. बाबा अंधेरीला. मग ती वेळ ऐकून तुम्ही गप्प राहायला का सांगितलंत?"

पोरगी हुशार निघाली, हे रत्नप्रभेला एरवी अभिमानाने आठवायचं.

"बाबा, मी घरात होते," मानसी पुढे म्हणाली. "मला ताप होता. मला तुम्ही आठवता. इथे, या भिंतीशी, ओल्या कपड्यांत बसलेले. आत्या म्हणायची ते दुसऱ्या दिवशीचं. पण दुसऱ्या दिवशी खाली काका ठेवले होते, लोक होते, रडारड होती. मला आठवतंय तेव्हा घरात कुणी नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज होता."

"तुका एकशे तीन ताप होतो," रत्नप्रभा म्हणाली. "आठ वर्षांचा पोर तू. तुका काय आठवतला?"

"आत्या, खरं सांग."

"गप रव गो. बाई खाली बसली हा. काय तरी लिहा नि धाडा तिका."

रत्नप्रभा रागावली की मालवणीत जायची, आणि घाबरली की सुद्धा. हे अनुपमेला माहीत होतं. रत्नप्रभेने वर पाहिलं तेव्हा अनुपमा तिच्याकडेच बघत होती, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघावं तशी, वाट पाहत.

"आक्का, राहू दे," चंद्रप्रकाश म्हणाला. "मी सांगतो."

*

वीस वर्षांत त्याने हे कितीतरी वेळा सांगितलं होतं. आंघोळ करताना, रिक्षात, देवळाच्या रांगेत, ओठ न हलवता. त्यामुळे शब्द तयार असतील असं त्याला वाटलं होतं. तोंड उघडल्यावर त्यातला एकही सापडला नाही.

"मी अंधेरीला पोचलोच नव्हतो," तो म्हणाला. "अर्ध्यातून फिरलो. पावणेतीनला घरी आलो. अंगणात कमरेइतकं पाणी होतं. मी मागच्या जिन्याने वर आलो. सुयोग पुढच्या म्हशी हाकत होता, त्याने मला पाहिलं नाही. मला पोहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. समुद्राकाठच्या गावचा मी, आणि पाण्यात उभं राहिलं की माझे पाय माझे राहत नाहीत."

"पुढे," अनुपमा म्हणाली.

"किल्ली खिशात होती. सतरा कुलपं, एकच किल्ली. तो आत गेला, बाहेर आला, परत गेला. मग या खिडकीखाली आला. इथे. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. त्याने वर बघितलं आणि मी दिसलो त्याला. त्याला आनंद झाला. हसला तो. म्हणाला, दादा, बरं झालं आलास, किल्ली टाक."

खाली अंगणात एक म्हैस खोकली. नितेश दचकला.

"हात वर करून उभा होता. मी खिडकीतून वाकलो असतो तर त्याच्या हातात पडली असती. मला वाटलं, किल्ली दिली की हा परत आत जाईल. सतरा कुलपं काढेपर्यंत पाणी डोक्यावरून जाईल. नाही दिली तर नाद सोडून वर येईल. मी म्हटलं, सुयोग, वर ये. तो म्हणाला, आधी किल्ली. मी म्हटलं, नाही. हे असंच वाटलं होतं मला, की मागाहून मीच मनात घातलं, ते मला आता सांगता येत नाही. भीती होती एवढं खरं. त्याने तीनदा हाक मारली. मग मी खिडकी लावली."

"खिडकी लावलीत," अनुपमा म्हणाली.

"हो."

"मग?"

"मग तो पहार घेऊन आत गेला असणार. कुलूप तोडायला. सतराव्यापासून सुरुवात केली. घड्याळ समोर होतं माझ्या. तीन वीसला म्हशींचा आवाज बंद झाला."

मानसी भिंतीशी खाली बसली. नितेशने मोबाईल खिशात टाकला आणि हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. कुंडलिक दारातून निघून गेला, पण त्याची पावलं जिन्यावर मधेच थांबली.

चंद्रप्रकाश अनुपमेकडे बघत होता. ती ओरडेल, मारेल, निदान रडेल, याची तो वीस वर्षं वाट पाहत होता. या क्षणी त्याला जाणवलं, की ती वाट पाहण्यावरच आपण जगत आलो.

*

अनुपमेला आधी एक फार साधी गोष्ट सुचली. त्या दिवशी रात्रभर कुर्ल्याहून पाण्यातून चालत येताना ती मनात म्हणत होती, भावोजी घरी असले म्हणजे झालं, ते सुयोगला आवरतील. पहाटे दारात पाय ठेवला तेव्हा भावोजी ओट्यावर चिखलाने भरलेले बसले होते आणि म्हणाले होते, आत्ताच पोचलो. तिला त्यांची दया आली होती. स्वतःच्या नवऱ्याचं प्रेत समोर असताना तिने त्यांना आधी चहा करून दिला होता.

"वन्सं, तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

"ह्याच खोलीत," रत्नप्रभा म्हणाली. "पोरीक मांडीवर घेवन. मी पण उठलंय नाय. किल्ली त्याच्या खिशातून काढून घेव शकलंय असतंय. माझा तो धाकटो. तुझ्या आधी माझा होतो." तिने पदर तोंडाला लावला. "म्हणान सांगत होतंय, विका. हय रवलंव तर कोण तरी एक दिवस तुका ह्या सांगतलाच, असा रोज वाटायचा माका."

"म्हणजे त्यांना माहीत होतं," अनुपमा हळू म्हणाली. "भाऊ वर आहे, किल्ली आहे, आणि तो देत नाही. हे माहीत असून ते आत गेले." ती उठली. "मानसी, वही दे. मृत्युवही."

"काकू, आत्ता नको."

"पाचला बाई निघतील. दे."

तिने टेबलाशी बसून पहिलं पान उघडलं. वर तारीख घातली. संख्या: सतरा म्हशी. त्याखाली, रकाना नसताना, एक माणूस, सुयोग दादू धुरी, वय अडतीस. कारणाच्या रकान्यात पेन थोडा वेळ थांबलं, मग तिच्या नेहमीच्या अक्षरात ते लिहून झालं. साखळ्यांना कुलपं होती. किल्ली माडीवर होती. मागितली असता दिली नाही.

"भावोजी, सही करा."

नितेश पुढे आला. "काकू, हे सरकारी-बिरकारी कागद आहेत. बाबांचं काय होईल? उद्या कुणी पोलिसात गेलं तर?"

"तू तर मघाशी विकायला निघाला होतास."

"आता नाही म्हणत मी विका," नितेश म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. "फक्त हे फाडून दुसरं लिही."

मानसी भिंतीशी बसूनच म्हणाली, "फाडायचं नाही, नितेश." आठ महिने ज्या प्रमाणपत्रासाठी तिने रात्रीचा दिवस केला, ते तिच्या डोक्यातही नव्हतं. "बाबा, सही करा."

चंद्रप्रकाशने सही केली. अक्षर वाकडं आलं नाही.

रश्मीबाईंनी खाली खाटेवर बसून ते पान वाचलं. दोनदा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "आणि करणार काय?"

"मागच्या ओळीचे खुंटे उपटणार," अनुपमा म्हणाली. "तिथे जनावर परत बांधायचं नाही. दिवसरात्र मोकळी राहतील."

"तेवढं पुरेल?"

"मला माहीत नाही."

बाईंनी प्रमाणपत्र राखून ठेवलं आणि महिन्याने फेरतपासणी लिहिली. निघताना त्या गाडीत बसल्या, परत उतरल्या आणि अनुपमेचा हात एकदा दाबून गेल्या.

*

खुंटे त्याच संध्याकाळी निघाले. नितेश आणि कुंडलिकने पहारीने ते उपटले आणि खड्डे सिमेंटने भरले. रात्री सतरा म्हशी मोकळ्या छपराखाली हव्या तशा बसल्या. कुंडलिक म्हणाला, इतकं शांत रवंथ त्याने या ओळीत कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत काही झालं नाही. मानसी अंगणात उभी राहून घड्याळ बघत होती. तीन वाजून दहा मिनिटांनी म्हशी उठल्या. कुणी हाकलं नाही, कुणी पुढे झालं नाही. त्या छपराबाहेर आल्या, अंगणातून चालत माडीखाली आल्या आणि खिडकीखाली दाटीने उभ्या राहिल्या. मग सतराही जणींनी माना वर केल्या. छताकडे नाही. खिडकीकडे.

वर चंद्रप्रकाश त्याच्या नेहमीच्या जागी, पाठ करून बसला होता. त्याने वळून पाहिलं नाही. पण त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले रत्नप्रभेने पाहिले.

"काय आहे खाली?" त्याने विचारलं.

नितेशने डोकावून बघितलं आणि तो मागे सरला. "बाबा, तुम्ही आत चला. मी खिडकी लावतो."

"खिडकी लावायची नाही," अनुपमा दारातून म्हणाली.

कालपासून ती चंद्रप्रकाशशी एक शब्द बोलली नव्हती. तिने त्याला जेवण वाढलं होतं, पाणी दिलं होतं, सगळं रोजच्यासारखं. आता ती दाराच्या बाजूला झाली, वाट मोकळी ठेवून.

"भावोजी, खाली जा."

"अनुपमा, माझे पाय..."

"जा."

तो उठला. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. दहा तो नीट उतरला. अकराव्या पायरीवर त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मानसी खालून पाहत होती आणि तिला हाक मारता येईना. पुढच्या तीन पायऱ्या तो कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाय चाचपत उतरला, आणि जमिनीवर पाऊल ठेवताना त्याने तोंड वर करून मोठा श्वास घेतला, आणि धरून ठेवला.

म्हशींनी वाट दिली. तो मधोमध गेला तसा तो दिसेनासा झाला, फक्त वर केलेला चेहरा तेवढा दिसत होता, काळ्या पाठींच्या वर तरंगल्यासारखा. तो काहीतरी बोलत होता. मानसीला ते ऐकू आलं नाही. कुंडलिक जवळ होता. त्याने ऐकलं, पण विचारल्यावर म्हणाला, भावाभावांचं होतं, मला काय कळतंय.

तीन वीस झाले. तीन पंचवीस झाले. मग एकेक करून म्हशींनी माना खाली घेतल्या आणि रवंथ सुरू केलं.

मार्चात फेरतपासणी झाली. रश्मीबाई या वेळी मुद्दाम तीनला आल्या. त्यांनी अंगणात सतरा म्हशी पाहिल्या आणि त्यांच्यामध्ये लाकडी स्टुलावर बसलेला म्हातारा पाहिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. जनावरांना त्रास आढळला नाही, असं त्यांनी लिहिलं. माणसांचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता. प्रमाणपत्र एप्रिलच्या आत आलं, नितेशने ते दूध मोजायच्या खोलीत लावलं, संघाची गाडी येत राहिली.

चंद्रप्रकाश त्यानंतर सहा वर्षं जगला. अनुपमा त्याच घरात राहिली, त्याचं औषधपाणी करत राहिली, पण त्याच्याशी बोलायची ते रोज एकच वाक्य. तीन वाजता ती दारात यायची आणि म्हणायची, "भावोजी, वेळ झाली." आणि तो उतरायचा.